पाया उघडा आहे तोवर

शाळेच्या इमारतीचा पाया फार तर चार-सहा दिवस दिसतो. खड्डे खणले जातात, तळाला पीसीसी म्हणजे साधे काँक्रीट पडते, जाळ्या बसतात, कॉलमचे लोखंड उभे राहते, फुटिंग भरले जाते. मग मुरूम लोटून, पाणी सोडून, धुम्मस करून सगळे बंद होते. त्यानंतर चाळीस-पन्नास वर्षे मुले त्या पायावर बसतात, पाढे म्हणतात, डबे खातात, पण तो पुन्हा कुणाला दिसत नाही. स्लॅबमधल्या सळया तर याहून कमी वेळ दिसतात. सकाळी काँक्रीट सुरू झाले की संध्याकाळपर्यंत त्या कायमच्या झाकल्या जातात.

शाळा कशी बांधतात हे शिकायला निघालेल्या विद्यार्थ्यांसाठी या पुस्तकाची पुढची प्रकरणे आहेत. आखणी, पाया, जोते, भिंती, लिंटेल, स्लॅब, गिलावा, स्वच्छतागृह, पाणी असा त्यांचा क्रम आहे. बांधकामही याच क्रमाने चालते. त्याआधी मला एकच गोष्ट सांगायची आहे. या कामात जे महत्त्वाचे, ते बहुतेक सगळे झाकले जाते, आणि ते झाकले जात असताना तिथे कुणीतरी जाणते माणूस उभे असावे लागते. जिल्हा परिषदेच्या शाखा अभियंत्याकडे रस्ते, मोऱ्या, अंगणवाड्या, समाजमंदिरे, शाळाखोल्या अशी कितीतरी गावांची कामे असतात. तो येतो, पाहतो, मोजमाप पुस्तकात नोंद करतो आणि पुढच्या गावाला निघतो. ठेकेदाराची फेरी दिवसातून एखादी. बाकी दिवसभर साइटवर मिस्त्री आणि मजूर. तिथे सकाळपासून दिवस मावळेपर्यंत थांबायला सवड फक्त ट्रेनिंगला आलेल्या पोरांना असते. सरकारी कागदात त्यांना प्रशिक्षणार्थी म्हणतात, कॉलेजात इंटर्न म्हणतात. त्यांच्या हातात सहीचा अधिकार नाही, पण वेळ आहे, आणि शाळेच्या बांधकामात आज सर्वांत मोठा तुटवडा त्या वेळेचाच आहे.

ही पाने लिहिताना मी डोळ्यांसमोर काटेवाडी ठेवली आहे. बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागले की हे गाव येते. पुढे भवानीनगरचा छत्रपती साखर कारखाना आणि इंदापूर तालुका. महाराष्ट्राला हे गाव शरद पवारांचे गाव म्हणून माहीत आहे. ग्रामस्वच्छता अभियानात पुढे आलेले, निर्मलग्राम झालेले गाव म्हणूनही माहीत आहे. आषाढीच्या वाटेवर तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते ते इथेच. बांधकाम शिकणाऱ्याने मात्र या गावाकडे आधी मातीसाठी पाहावे.

बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेतला पट्टा. वर्षाचा पाऊस सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास, त्यातला बराचसा सप्टेंबरात, परतीच्या वाटेवर पडणारा. पण नीरेचा डावा कालवा इथून गेला आहे आणि त्याच्या पाण्यावर ऊस उभा आहे. त्यामुळे एकाच शिवारात जमीन दोन तऱ्हांनी वागते. जिराईत तुकड्यातली काळी माती उन्हाळ्यात अशी भेगाळते की हात कोपरापर्यंत आत जावा. पाऊस लागला की तीच फुगून वर येते. कालव्याखालच्या जमिनीत ओल बारमाही. निचरा नसला तर ती क्षारपड होते, आणि तिथे बांधलेल्या भिंतीला जोत्यापासून हात-दोन हात वरपर्यंत लोणा चढतो. गिलाव्याचे पोपडे सुटतात, दरवर्षी रंग दिला तरी पावसाळा संपेपर्यंत तो गळून पडतो. हा रंगाचा दोष नाही. जमिनीतले क्षार पाण्याबरोबर विटेतून वर चढतात, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. जोत्याच्या पातळीला ओल अडवणारा थर नीट घातला नसला की पुढे कितीही रंग द्या.

काळी माती फुगते तेव्हा इमारतीला सगळीकडून सारखी उचलत नाही. पागोळीचे पाणी बाहेरच्या भिंतींखाली मुरते, मधल्या भिंतीखालची माती कोरडीच राहते. एक कड उचलली जाते, दुसरी जागच्या जागी, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. आपल्याकडच्या किती शाळांत ही तिरकी भेग आहे! मुख्याध्यापक उन्हाळी सुट्टीत ती सिमेंटने भरून घेतात, पुढच्या वर्षी ती त्याच वाटेने उघडते. ट्रेनिंगच्या पहिल्याच आठवड्यात अशा भेगेवर काचेची एक अरुंद पट्टी आडवी चिकटवावी आणि तारीख लिहून ठेवावी. पट्टी तडकली तर भेग जिवंत आहे, इमारत अजून हलते आहे. तडकली नाही तर ती जुनी, निवालेली जखम. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, आणि हा फरक हातात फुटलेली काच जेवढा ठसवते तेवढा वर्गातला तास ठसवत नाही.

नवी इमारत बांधायची असेल तर आधी चाचणी-खड्डा. मुरूम किती खोलीवर लागतो ते पाहायचे आणि पाया तिथपर्यंत न्यायचा. मुरूम फारच खोल असेल तर तळाशी फुगवटा असलेल्या अंडर-रीम्ड पाइल वापरतात. काळ्या मातीसाठी ही पद्धत रूडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने आपल्या देशात रुजवली. माती किती फुगणारी आहे हे पाहण्याची साधी चाचणी कॉलेजच्या प्रयोगशाळेत कुणालाही करता येते. चाळलेली १० ग्रॅम माती एका नळकांड्यात पाण्यात घालायची, तेवढीच दुसऱ्यात रॉकेलमध्ये. २४ तासांनी दोन्हींची उंची वाचायची. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. जो फरक दिसतो तो तिचा स्वभाव. आपल्या गावच्या शाळेच्या आवारातली माती पिशवीतून आणून ही चाचणी केलेला विद्यार्थी पुढे आयुष्यात 'पाया पाच फूट' असे डोळे झाकून लिहीत नाही.

कारण अंदाजपत्रकात तसेच लिहिलेले असते. कागदावर पायाची खोली एकच, सगळ्या खड्ड्यांना सारखी. प्रत्यक्षात आठ खड्ड्यांपैकी पाचांत ठरल्या खोलीवर मुरूम लागतो आणि तीन खड्ड्यांत काळी मातीच निघत राहते. जादा खोदाईचा पैसा अंदाजपत्रकात नाही. सुधारित मान्यता मिळायला वेळ लागतो, ठेकेदाराला काम आटपायचे आहे, पावसाळा तोंडावर आला आहे. इमारतीचे पुढचे पन्नास वर्षांचे आयुष्य त्या दुपारी ठरते. त्या दुपारी टेप घेऊन प्रत्येक खड्डा मोजणारे, तळाची माती हातात चोळून पाहणारे आणि टेपसकट फोटो काढून तो शाखा अभियंत्याला पाठवणारे एक पोर साइटवर असेल, तर निर्णय बदलू शकतो. भांडायची गरज नसते. मोजलेला आकडा समोर आला की जबाबदार माणसाला त्यावर काहीतरी करावेच लागते.

शाळांच्या खोल्या वाचायला शिकणे हाही या शिक्षणाचाच भाग आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या जुन्या गावच्या शाळेच्या आवारात उभे राहिले तर शंभर वर्षे एका रांगेत दिसतात. एका टोकाला दगडी भिंतींची, मंगलोरी कौलांची खोली. ती लोकल बोर्डाच्या काळातली. स्वातंत्र्यापूर्वी ग्रामीण शाळांचा भार या बोर्डांवर होता. काटेवाडीच्या शारदाबाई पवार त्या काळात पुणे जिल्हा लोकल बोर्डाच्या सदस्य होत्या, आणि बाईमाणसाने गावच्या कारभाराच्या बैठकीला जाणे तेव्हा किती अवघड होते हे वेगळे सांगायला नको. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि विटांच्या भिंतींवर सपाट स्लॅबच्या खोल्या वाढल्या. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेत किमान दोन खोल्या आणि पुढे रुंद व्हरांडा हे सूत्र ठरले. तो व्हरांडा मला फार शहाणपणाचा वाटतो. पावसात मुले तिथे जेवतात, उन्हात वर्ग तिथे भरतो, आणि दक्षिणेची भिंत तापण्यापासून तो वाचवतो. पुढच्या काळात कितीतरी नव्या इमारतींत व्हरांड्याचा चिंचोळा बोळ झाला. हे नुकसान आपण मोजलेले नाही.

२००१ नंतर सर्व शिक्षा अभियानात एक वेगळी गोष्ट घडली. शाळाखोल्या ठेकेदाराकडून न बांधता गावच्या समितीने बांधाव्यात असे ठरले. मुख्याध्यापकांवर एकाएकी सिमेंटच्या गोण्या मोजायची, खडी-वाळूचे ट्रक उतरवून घ्यायची, गवंड्याचा हिशेब ठेवायची वेळ आली. त्यांना तो भार झाला हे खरे आहे. शिकवायचे कधी, असा त्यांचा प्रश्न रास्त होता. पण त्या काळात बांधलेल्या खोल्यांबद्दल त्या गुरुजींशी बोलून पाहावे. कोणत्या कॉलमला किती रिंगा आहेत, स्लॅबच्या दिवशी पाऊस कधी आला, हे त्यांना आजही आठवते. ते तिथे होते, म्हणून आठवते. पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेच्या इमारतीत काय असलेच पाहिजे हे कायद्याच्या परिशिष्टात लिहिले: सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, अडथळ्याविना आत येता येईल अशी वाट, मुलामुलींना स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकाची जागा, मैदान, कुंपण. प्रत्येक प्रशिक्षणार्थीने ही यादी हातात धरून आपल्या गावच्या शाळेत एक फेरी मारावी.

आणि जुन्या खोलीचे काय? ती धोकादायक झाली की तिचे निर्लेखन करावे लागते. म्हणजे ती वापरातून काढून पाडायची रीतसर परवानगी. प्रस्ताव, तपासणी, मान्यता यांत महिने जातात आणि तोवर मुले कधी तिथेच बसतात. २०१७ च्या ऑगस्टमध्ये नगरजवळच्या निंबोडी गावात जिल्हा परिषदेच्या शाळेचे छत कोसळले. वर्ग भरलेला होता. तीन मुले गेली. त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत जुन्या खोल्यांच्या तपासण्या झाल्या, कितीतरी खोल्या बंद झाल्या. हे शिकणाऱ्या मुलांना सांगताना माझा आवाज दर वेळी बदलतो. तरीही सांगतो, कारण शाळेचे बांधकाम आणि इतर कोणतेही बांधकाम यांतला फरक या एका घटनेत आहे. इथे छताखाली बसलेल्यांना भेग दाखवून तक्रार करता येत नाही, जागा बदलता येत नाही. ज्या खोलीत बसवले तिथे ती बसतात.

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला. शाळा रिकाम्या होत्या. घरे पडली आणि हजारो माणसे गेली. तोच दुपारी बाराला झाला असता तर, या विचाराने अंगावर काटा येतो. चीनच्या सिचुआन प्रांतात १२ मे २००८ रोजी भूकंप दुपारी अडीचच्या सुमाराला झाला, वर्ग भरलेले होते आणि शाळांच्या ढिगाऱ्यांखाली हजारो मुले गेली. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच शहरात १० मार्च १९३३ ला शाळा सुटल्यानंतर, संध्याकाळी भूकंप झाला. कितीतरी शाळा जमीनदोस्त झाल्या, पण मुले घरी पोचली होती. त्या लोकांनी महिन्याभरात कायदा केला. शाळांचे नकाशे राज्याच्या यंत्रणेने तपासायचे हा त्याचा अर्धा भाग. उरलेला अर्धा मला अधिक महत्त्वाचा वाटतो: शाळेचे बांधकाम चालू असताना साइटवर एक निरीक्षक सतत असला पाहिजे आणि काम नकाशाप्रमाणे झाले हे त्याने शपथेवर लिहून दिले पाहिजे. नव्वद वर्षांपूर्वी त्यांना कळले की चांगला नकाशा पुरेसा नाही. आपल्या गावोगावच्या शाळांवर असा पगारी माणूस नेमणे कधी होईल ते होवो. तोवर हजारो प्रशिक्षणार्थी आपल्याकडे दरवर्षी उन्हाळ्यात काम शोधत फिरत असतात.

त्यांनी काय पाहायचे? एका साइटवर पाहिलेली गोष्ट सांगतो. मे महिना, दुपारचे दोन. स्लॅब टाकून चार दिवस झालेले. ट्रेनिंगला आलेली पदविकेची मुलगी शिडीवरून वर चढायला निघाली, तर मिस्त्री म्हणाले, "ताई, पानी सकाळीच सोडलंय. कशाला उन्हात जाताय?" ती गेलीच. स्लॅबवर मसाल्याचे बांध घालून वाफे केलेले होते, पण एकाही वाफ्यात पाणी नव्हते. हात टेकवला तर चटका बसत होता. तिने खाली येऊन मिस्त्रींना दोष दिला नाही. टँकर दोन दिवस आलाच नव्हता आणि मिस्त्री काय करणार? ती मुख्याध्यापकांकडे गेली. त्यांनी शेजारच्या मळ्यात फोन लावला, तासाभरात बोअरचा पाइप स्लॅबवर पोचला. नंतरचे दिवस ती एका वहीत पाणी सोडल्याची वेळ लिहीत राहिली. तिसऱ्या दिवसापासून मिस्त्रीच हाक मारू लागले, "ताई, टाइम लिवा."

काँक्रीट वाळून घट्ट होते असा गैरसमज पुष्कळांचा असतो. ते पाणी पिऊन घट्ट होते. सिमेंट आणि पाण्याची ही प्रक्रिया पहिल्या आठवड्यात सर्वाधिक चालते आणि त्याच आठवड्यात बारामतीचे चाळीस अंशांचे ऊन पाणी खेचून घेते. भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस ओल हवी, राख मिसळलेल्या सिमेंटला १० दिवस. आज बाजारात मिळणारे बहुतेक सिमेंट दुसऱ्या प्रकारचे आहे आणि साइटवर हिशेब मात्र सातचाच चालतो. सेंट्रिंग काढण्याचेही तसेच. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू ७ दिवसांनी काढता येतात, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवसांनी, आणि सहा मीटरपेक्षा लांब बीमखालचे २१ दिवसांनी. वर्गखोली २० फूट रुंद असली की बीम सहा मीटरच्या पुढे जातो. प्लेट आणि टेकू भाड्याचे असतात, पुढच्या साइटवर त्यांची वाट पाहिली जात असते. म्हणून त्या तारखा साइटवरच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवाव्यात.

सळया झाकल्या जाण्याच्या आदल्या संध्याकाळी हातात नकाशा घेऊन एकेक गाळा मोजावा. कव्हर ब्लॉक खाली आहेत का, कॉलमच्या रिंगा बीमच्या सांध्यात आल्या आहेत का, त्यांची टोके आत वळवलेली आहेत का. सांध्यातली रिंग बांधायला त्रास होतो म्हणून ती राहून जाते, आणि भूकंपात कॉलम तिथेच फुटतो. आणखी एक गोष्ट शाळांत फार दिसते. दोन कॉलमच्या मध्ये खिडकीच्या तळापर्यंत पक्की भिंत आणि वर रांगेने खिडक्या. भिंतीने कॉलमचा खालचा भाग जखडला जातो, हलायला फक्त वरचे तीन-चार फूट उरतात आणि सगळा धक्का तिथे येतो. पुणे जिल्हा मानकाच्या नकाशात अनेक वर्षे भूकंपक्षेत्र ३ मध्ये राहिला आहे, आणि कोयनेचा १९६७ चा धक्का आपल्या आजोबांच्या पिढीने अनुभवलेला आहे. हा विषय कोकण-मराठवाड्यावर ढकलता येत नाही.

आता मुलांच्या बाजूने. मी प्रत्येक नव्या प्रशिक्षणार्थीला पहिलीच्या वर्गात जमिनीवर मांडी घालून बसायला सांगतो. त्या वयाच्या बसलेल्या मुलाचा डोळा जमिनीपासून दोन फुटांवर असतो. खिडकीचा तळ तीन फुटांवर असेल तर त्याला वर्षभर फक्त आभाळ दिसते. फळ्यावर खिडकीचे ऊन पडते का, हेही तिथूनच कळते. पत्र्याच्या छताखाली पावसाच्या सरीत बाईंचा आवाज मागच्या रांगेत पोचतो का, हे पावसातच कळते. नळ किती उंचीवर आहे, जिन्याचा कठडा लहान हाताच्या मुठीत येतो का, पायरी १५ सेंटिमीटरपेक्षा उंच आहे का. आणि मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी. ती आतून लागते का, ती आठ वर्षांच्या मुलीच्या हाताला येते का, आत पाणी आहे का. ज्या शाळेत ती कडी लागत नाही तिथे मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. हे मला एका शिक्षिकेने सांगितले तेव्हा मी पुष्कळ वर्षे शाळांच्या बांधकामांवर जात होतो, आणि ती कडी मी कधी पाहिली नव्हती.

रॅम्पचे गणित सोपे आहे आणि तरी ते चुकते. एक फूट चढायला बारा फूट उतार लागतो. काळ्या मातीत जोते उंच ठेवावे लागते. ते दोन फूट असेल तर रॅम्प चोवीस फूट लांब झाला. आखणीच्या दिवशी फक्कीने ती जागा राखली नाही, तर शेवटी उरलेल्या कोपऱ्यात घसरगुंडीसारखा उतार येतो आणि चाकाची खुर्ची त्यावरून चढत नाही. हा उतार फक्त मुलांचा नाही. गावची शाळा मतदानाला लागते, लसीकरणाला लागते, कोरोनात विलगीकरणाला लागली. काटेवाडीच्या वाटेवरच्या गावांत तर आषाढात दिंड्या शाळांतून उतरतात, त्यात वयस्कर माणसे असतात. त्या रात्री पाण्याची टाकी आणि शौचखड्डा यांवर किती भार येतो याचा हिशेब नकाशा काढणाऱ्याने आधी करायला हवा. तसाच दिवाळीनंतरचा हिशेब. ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांची मुले येतात, आणि तीस मुलांच्या खोलीत बाक वाढवावे लागतात. २० बाय २५ फुटांच्या खोलीत तीस जण बसले तर प्रत्येकाला सोळा-सतरा चौरस फूट मिळतात. चाळीस बसले की साडेबारा.

त्याच खोलीच्या छतावरचे पाणी मोजायला सांगितले की मुलांना गंमत वाटते. ५०० चौरस फूट म्हणजे ४६ चौरस मीटर. ५०० मिलिमीटर पाऊस धरला तर वर्षाला २३ हजार लिटर. गळती, बाष्पीभवन वजा जाता १८ हजार तरी हाती लागावे. हे पाणी आज पागोळीवाटे पायाशी मुरते आणि काळी माती फुगवते. तेच पन्हाळीने टाकीत नेले तर भेगही थांबते आणि मे महिन्यात झाडांना पाणीही मिळते.

मुलांनी आपली शाळा बांधायला हात लावणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि कमवा व शिका ही वाट दाखवली. रयतेच्या वसतिगृहांच्या आणि शाळांच्या बांधकामात विद्यार्थ्यांचा घाम आहे. आपल्याच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीच्या संशोधनशाळेतून आलेला हा शास्त्रज्ञ शाळा सोडलेल्या खेड्यातल्या मुलांना वेल्डिंग, विहिरीचे सर्वेक्षण, बांधकाम काम करता करता शिकवू लागला. तिथल्या मुलांनी लोखंडी पट्ट्या आणि फेरोसिमेंटचे घुमट उभे केले आणि किल्लारीनंतर ही घुमटघरे भूकंपग्रस्तांपर्यंत पोचली. पाबळचा मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम पुढे कितीतरी शाळांत गेला. कलबागांच्या पद्धतीत गावासाठी केलेले खरे काम हेच प्रात्यक्षिक असे. इंटर्नशिप हा शब्द तेव्हा कुणी वापरत नव्हते, पण मला अभिप्रेत असलेले शिक्षण तेच आहे.

तंत्रशिक्षण मंडळाच्या पदविका अभ्यासक्रमात चौथ्या सत्रानंतरचे प्रशिक्षण पूर्वी सहा आठवड्यांचे होते, नव्या अभ्यासक्रमात ते १२ आठवड्यांचे झाले. हा बदल शाळेच्या बांधकामासाठी फार मोलाचा आहे. काँक्रीटच्या ठोकळ्याची ताकद २८ दिवसांनी कळते. सहा आठवड्यांत एखादाच निकाल हाती येई. बारा आठवड्यांत पायापासून स्लॅबपर्यंतचे एक पूर्ण चक्र पाहता येते. शिवाय हा काळ उन्हाळी सुट्टीत सुरू होतो, आणि गावोगावच्या शाळांची दुरुस्ती, नव्या खोल्यांची घाई नेमकी तेव्हाच चालते. बारामतीत विद्या प्रतिष्ठानसारख्या संस्था आहेत, आसपासच्या तालुक्यांत पदविका महाविद्यालये आहेत, आणि त्यांतली मुले याच गावांतून येतात. ज्या शाळेत आपण शिकलो तिचीच नवी खोली बांधली जात असताना तिथे उभे राहणे, याहून चांगले प्रशिक्षण मला सुचत नाही.

त्याच्या उलटही घडते हे लपवण्यात अर्थ नाही. ओळखीच्या ऑफिसातून शिक्का मारून प्रमाणपत्र आणले जाते आणि बारा आठवडे घरी जातात. काही ठिकाणी मुलांना फक्त झेरॉक्स आणायला पाठवले जाते. मुलींना साइटवर नको, ऑफिसात बसवा, असेही सांगितले जाते. स्लॅबवर पाणी पाहायला चढणाऱ्या त्या मुलीला ऑफिसात बसवले असते तर तो स्लॅब तसाच तापत राहिला असता.

म्हणून ही विनंती बांधकाम उपविभागाच्या अभियंत्यांना, मुख्याध्यापकांना, शाळा व्यवस्थापन समित्यांना आणि सरपंचांना आहे. तुमच्या गावात शाळाखोलीचे काम निघाले की जवळच्या महाविद्यालयाला कळवा आणि दोन मुले, दोन मुली मागून घ्या. त्यांना एक वही द्या, एक टेप द्या, सावलीला जागा आणि प्यायला पाणी द्या, डोक्यावर हेल्मेट द्या. खड्ड्यांची खोली, सळयांची संख्या, पाणी मारल्याच्या वेळा, टेकू काढल्याच्या तारखा त्यांना लिहू द्या, आणि काम संपल्यावर ती वही शाळेच्या कपाटात ठेवा. वीस वर्षांनी कुणाला भेग दिसली तर पाया पाहायला मिळणार नाही, ती वही मिळेल.

आणि तुम्ही, जे हे पुस्तक घेऊन साइटवर निघाला आहात: प्रमाणपत्र मिळाले तरी नाते तोडू नका. खोली मुलांच्या ताब्यात गेली की एकदा परत जा. चपला बाहेर काढा, मागच्या रांगेत जमिनीवर बसा, आणि तिथून फळा वाचता येतो का पाहा.